तळ्याकाठचे बाक

दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडतो. पण या खेपेला उशिराला कारण आहे. आई, ही आणि मी, आम्ही तिघं चक्क परदेशी जाऊन आलो! परदेश म्हणजे काय, तर सकाळी बसमध्ये बसायचं, डोंगर ओलांडायचा, नाक्यावर परवाना दाखवायचा आणि पलीकडे उतरायचं. दिवेलागणीला पुन्हा घरी. तरी परदेश तो परदेशच. शेजारचे आता माझ्याशी जरा अदबीनं बोलतात.

तिकडच्या बाजारात लोकरी कपडे फार स्वस्त, परवानाही बाजाराच्या दिवसापुरताच. आणि गंमत म्हणजे अंगावर घातलेल्या कपड्यांना नाक्यावर जकात नाही. त्यामुळे परत येताना जो तो कोटावर कोट, त्यावर शाल, कानाला मफलर. बस कसली, गाद्यांच्या वळकट्या भरलेला टेंपोच तो. परवान्यावर फक्त डोकी लिहिलेली असतात, तीन गेली तर तीन आली पाहिजेत. तुझी भावजय तिकीटखिडकीवर बसणारी, डोकी मोजण्यात तिचा हात कोण धरणार!

बाजारामागेच तळं आहे. पलीकडच्या काठापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत नुसतं जंगल. पाणी इतकं स्थिर, की झाडं वर कुठली आणि खाली कुठली ते क्षणभर कळत नाही. काठानं बाक मांडलेत, सगळे पाण्याकडे तोंड करून. आईचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिला नवा कोट घालून तिथे बसवलं आणि आम्ही दुकानांकडे वळलो. तिकडची बरीच म्हातारी माणसं तिथे बसली होती. आपल्याकडे दोन म्हातारी शेजारी बसली की चहा येईपर्यंत एकमेकांची ऑपरेशनं पाठ होतात. तिथे एक शब्द नाही. सगळे आपले समोर बघत बसलेले.

मग एकदम धुकं उतरलं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढीना. मी धावत जाऊन आईला उठवलं आणि कशीबशी बस गाठली.

आई बरी आहे. दमली आहे, बोलत कमी आहे. पत्राखाली तिच्या नेहमीच्या दोन ओळी लिही म्हटलं तर नुसती हसली. पुढच्या पत्रात लिहील. तुझ्यासाठी गडद हिरव्या रंगाचा कोट आणलाय, तो इथे तुझी वाट बघतोय.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा,
बारक्या


दि. १४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. परदेशी जाऊन आलास, आता मला तुझ्याशी मान खाली घालून बोलावं लागणार. कोटाबद्दल कौतुक वाटलं. खांद्यात ढगळ आणि कमरेत आवळ असणार, तुझी पसंती मला माहीत आहे. आणशील तेव्हा उसवून घेईन.

पण आईला परक्या मुलखात बाकावर ठेवून तुम्ही दोघं दुकानं धुंडाळत होतात? अरे, छत्रीसुद्धा कोणी अशी ठेवत नाही. तिचे गुडघे बोलत होते, ठीक आहे. तुमची अक्कल त्या वेळी काय करत होती?

आईच्या दोन ओळी नव्हत्या, त्याचं मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तू पहिली नोकरी लागल्यावर लिहिलेल्या पत्राखालीसुद्धा तिनं लिहिलं होतं, की हा फुशारकी मारतोय, निम्मं खरं धर. तापात होती तेव्हाही सोडलं नाही. तिला म्हणावं, एकच ओळ लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

इथे लग्नसराईचं शिवणकाम आहे. दुकानात माणसं असतात तोवर बरं जातं. शटर ओढलं की घर फार मोठं वाटतं. ते असो. थंडीच्या आधी आईला एक उबदार झगा शिवून पाठवते. ती आता बारीक झाली असेल, म्हणून नव्यानं माप घे. खांदे, छाती आणि दोन्ही बाह्या. टेप ताणू नकोस, तुला ती खोड आहे.

इथली काळजी नको, तिथली कळवत जा.
तुझी,
ताई


दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे बोल खाल्ले, पोट भरलं. सोबत आईची मापं पाठवतोय. टेप ताणली नाही.

ताई, आई अगदी गोड झाली आहे ग. कशालाच नाही म्हणत नाही. जे पानात पडेल ते खाते आणि छान झालंय म्हणते. तुझी भावजय पहिल्यांदा हे ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडली. इतक्या वर्षांत तिला हे कानावर कधी पडलं नव्हतं. घरात भांडण नाही, टोमणा नाही, दार आपटणं नाही.

एवढंच, की कोट काढत नाही. आम्ही म्हणालो की काढते, पाठ वळली की पुन्हा घालते. दुपारभर डोंगराकडच्या खिडकीशी बसते, हात मांडीवर, पाय जोडून, गाडीची वाट बघितल्यासारखी. आणि आपल्या स्वयंपाकघराचा तो उंच उंबरा, त्याला रोज अडखळते. मला वाटलं, नंबर वाढला. माझ्या चष्म्याच्या दुकानात नेऊन सगळ्या काचा लावून पाहिल्या. तिला जुन्या चष्म्यातूनही छान दिसतं, नव्यातूनही, आणि चष्म्याशिवायही. मी कोणतीही काच लावली की ती माझ्याकडे बघून मान डोलावते.

वय झालं, दुसरं काय. दोन ओळींचं विचारलं. म्हणाली, काय लिहू ते तूच सांग. मला काही सुचेना, म्हणून राहिलं.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
बारक्या


दि. २५ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

हे पत्र आधी एकट्यानं वाच.

तू पाठवलेली मापं घेऊन कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. दोन्ही बाह्यांचं माप सारखं लिहिलंयस. आपण लहान असताना आई जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा हात वाकडा जुळला, हे तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. शिवायला लागले तेव्हापासून तिची उजवी बाही मी आखूड कापत आले. ती कोणाला दिसू नये अशी शिवायची माझी एक पद्धत आहे, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. बाईला तिचा हात लपवायचा असतो आणि शिंपिणीनं तो लपवायचा असतो. पण टेपला कसं लपवणार?

पुन्हा माप घे. कोट काढायला लाव आणि हात नीट बघ. आणि बारक्या, मग तिच्या तोंडाकडे बघ. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारतोस, एकदा घरातल्या माणसाकडे बघ.

त्या दिवशी तू तिला बाकावरून कसं उठवलंस, ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. विनोद करू नकोस.

वाट बघते आहे.
ताई


दि. ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

माप घेतलं. दोन्ही हात सरळ आहेत.

तू विचारलंस म्हणून लिहितो. धुक्यात बाकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. आईचा कोट मीच निवडलेला, करड्या रंगाचा, पण त्या दुकानाचे करडे कोट निम्म्या बाकांवर होते. मी मागून गेलो. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, चल, उशीर होतोय. ती उठली आणि चालू लागली. पुढे मी, मागे ती. बसमध्ये तुझ्या भावजयीनं मोजलं, तीन. नाक्यावरच्या शिपायानं मोजलं, तीन. घरी आल्यावर अंधार होता, ती दमली होती, आम्ही तिला झोपवलं. सकाळी तिच्याकडे बघितलं तेव्हा मनात काहीतरी खटकलं. पण मी चहा ठेवला. चेहरा आईचा नाही असं म्हणवत नाही आणि आईचा आहे असंही म्हणवत नाही. रोज सकाळी वाटतं, छे, असाच तर होता.

काल हिनं आणि मी तिला समोर बसवून विचारलं, की तुम्ही कोण. ती घाबरली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, की मला कुठे माहीत, तुम्हीच मला चल म्हणालात. तुम्ही बसलाच का होतात असं विचारलं, तर आमचं कसं होणार याची कीव आल्यासारखी बघत राहिली. म्हणाली, की कोणीतरी चल म्हणेल म्हणूनच तर सगळे तिथे बसतात. मग उठली आणि भांडी विसळायला गेली.

मी नाक्यावर जाऊन आलो, ताई. आमची आई पलीकडे राहिली म्हणून सांगितलं. त्यांनी वही उघडली. तीन गेले, तीन आले, तक्रार कशाची असं विचारलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

म्हणजे आई तिथे एकटी आहे. त्या दिवसापासून. मी चहा ठेवत होतो आणि ती तिथे होती. मला घास गिळवत नाही. काय करू ते सांग.

बारक्या


दि. ४ डिसेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

आधी जेव. उपाशी माणूस कामाचा नसतो.

बाजाराच्या दिवसाचा परवाना काढ, तीन डोक्यांचा. तू, मी आणि त्या पाहुण्या आजी. त्यांना त्यांच्या जागी सोडू आणि आईला घेऊन येऊ. जाताना तीन, येताना तीन, वहीवाल्याचंही समाधान. तुझ्या बायकोला घरी राहू दे, तिनं पुष्कळ मोजलं.

मी आदल्या दिवशी येते. दुकान बंद ठेवणार म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी विचारलं, की बाई, तुम्ही कुठे निघालात? त्यांचा विश्वास बसत नव्हता. खरं म्हणजे तुझे भावोजी गेल्यापासून मी गाव सोडलेलं नाही. कोणाकडे जायचं आणि कशाला. पण हे माझं रडगाणं नंतर.

एक लक्षात ठेव. या वेळी मागून हात लावायचा नाही. पुढून जायचं, तोंड बघायचं आणि मगच बोलायचं.

भेटीत बाकीचं बोलू.
ताई


दि. १२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र त्या तळ्याकाठच्या कोटवाल्या दुकानदाराच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुला तो ओळखेल की नाही ठाऊक नाही. हिरव्या कोटातल्या बाई असं वर लिहिलं आहे.

आई घरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आईच आहे. मी हात पाहिला, तोंड पाहिलं, आणि शिवाय तिनं घरात पाऊल ठेवताच पडदे कोणी धुतले नाहीत म्हणून विचारलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं लिहितो. तुझे गुडघे दुखायला लागले म्हणून तू पाहुण्या आजींच्या शेजारी बाकावर टेकलीस आणि मला म्हणालीस, तू बघून ये. मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. एकेकाच्या पुढे जाऊन उभा राहायचो. प्रत्येक जण मान वर करायचा ग, ताई. मी बघायचो आणि पुढे जायचो, आणि ती मान पुन्हा खाली जायची. मला ते करवत नव्हतं. शेवटून दुसऱ्या बाकावर आई होती. कोणाचा तरी तपकिरी कोट अंगावर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, की एवढा वेळ लावतात का.

तिचं काय झालं ते तिनं चालता चालता सांगितलं. आम्ही गेल्यावर कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवून चल म्हणालं आणि ती गेली. घर आपलं नव्हे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. माणसं चांगली होती, आई आई करायची. मी तुमची नव्हे असं ती म्हणाली तर ती माणसं हसायची, की आई हल्ली थट्टा करायला लागल्या. बाजाराला येताना तिला तिथेच बसवून जायची. त्या दिवशी मी त्यांच्या आधी पोचलो, एवढंच.

मी आईचा हात सोडला नाही. तिच्या तोंडावरची नजर काढली नाही. बस सुटत होती, तुम्हा दोघींच्या बाकाकडे वळून मी ओरडलो, चला, चला! उठलेली आकृती बघितली आणि आईला घेऊन धावलो. मागून कोणीतरी बसमध्ये चढलं, मफलरमध्ये तोंड गुंडाळून मागच्या सीटवर बसलं. मी समजलो, तू. दमली आहेस म्हणून बोलत नाहीस. नाक्यावर तीन डोकी भरली.

आता जे लिहायचं ते लिहितो. बस हलली तेव्हा मी काचेतून बाहेर पाहिलं. एक माणूस हातात पुडकी घेऊन दुकानातून धावत आला, बाकावरच्या एका बाईच्या खांद्यावर मागून हात ठेवला आणि तिला घेऊन निघाला. तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी आईला कोपरानं ढोसलं आणि हसत म्हणालो, की बघ, आणखी एक माझ्यासारखा. त्या बाईचा कोट हिरवा होता. मी तो पाहिला. मीच विकत घेतलेला कोट, आणि मी हसलो.

घरी मफलर सुटला तेव्हा पाहुण्या आजी निघाल्या. म्हणाल्या, की तुम्ही पुन्हा चला म्हणालात, मला आनंद झाला. आईनं त्यांना आत घेतलं. तेव्हापासून ती घास घेते आणि ताटलीत ठेवते. एकदाच म्हणाली, की माझ्या बदल्यात माझी पोर ठेवून आलास.

मी येतोय. येत्या बाजाराला नक्की येतोय. तू बाकावर बसून राहा, कोणी काही म्हणालं तरी उठू नकोस. मी प्रत्येकाचं तोंड बघेन. तुला घेतल्याशिवाय येणार नाही.

तुझा,
बारक्या


दि. २८ डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आईला माझा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दुकानदारानं आणून दिलं, भला माणूस आहे. आईनं घास सोडू नये. तिला म्हणावं, तुझी पोर उपाशी नाही.

तुझी हाक मला ऐकूच आली नाही. तो हात खांद्यावर पडला तेव्हा मला वाटलं, तू आलास. उठले, चालू लागले. चार पावलांतच कळलं, हा तू नव्हेस. कोणाचा हात किती जड असतो ते मला कळतं, जन्म माणसं मापण्यात गेला. बारक्या, मला कळलं होतं आणि तरी मी चालत राहिले. हे तुला सांगायला हवं, म्हणजे तू स्वतःला खात बसणार नाहीस. मला कोणी चल म्हणून किती वर्षं झाली होती ते मला त्या चार पावलांत कळलं.

घर तळ्याच्या पलीकडे, जंगलाच्या अंगाला आहे. हे तेच लोक, ज्यांच्याकडे आई होती. एक आई गेली नि दुसरी आली, त्यांना फरक पडलेला दिसत नाही. सून म्हणते, की आई हल्ली बोलायला लागल्या. तिला खांद्यात कुठे आवळतं ते मी सांगितलं आणि सगळ्या घराचे कपडे उसवून पुन्हा शिवायला घेतले. संध्याकाळी कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतं, थंडी वाजते का म्हणून विचारतं. झाडांमध्ये पक्षी पुष्कळ आहेत, पण ओरडत नाहीत. मला पहिले काही दिवस झोप लागली नाही. आता लागते. या घराची खरी आई कोण, असं मी एकदा विचारलं. सगळे माझ्याकडे बघून मनापासून हसले. मग मीही हसले.

आता तू आलास त्याबद्दल. हो, मी बाकावर होते. त्यांनी मला बसवलं आणि ते दुकानांकडे गेले. तुला बसमधून उतरताना मी लांबून पाहिलं, तुझी चाल मी विसरेन का. तू सांगितल्याप्रमाणे पहिल्या बाकापासून आलास. प्रत्येकापुढे थांबत होतास, वाकत होतास. फार चांगलं करत होतास. माझं काळीज नुसतं उडत होतं. मी ठरवलं होतं, आपण बोलायचं नाही, याला ओळखू दे.

मग तू माझ्यापुढे उभा राहिलास. मी मान वर केली. तू नीट बघितलंस, घाई केली नाहीस, चष्मा पुसून पुन्हा बघितलंस. तुझे डोळे भरलेले होते. मग तू मला माफ करा म्हणालास आणि पुढच्या बाकाकडे गेलास.

लोभ ठेव.
ताई